तिसऱ्या दिवशीची बातमी

सार्वजनिक ठिकाणी बिडी-सिगारेट ओढायला बंदी आहे, ही बातमी मी आजवर किती वेळा विकली असेल त्याला गणती नाही. शहागंजात माझा पेपरचा स्टॉल आहे. स्टॉल म्हणजे काय, तर एक लांब फळी, वर पत्रा आणि बसायला स्टूल. नवरा होता तोवर तो बसायचा. तो गेल्यावर मी बसले, त्यालाही आता वीस-बावीस वर्षं होत आली. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही देवगाव रंगारीला, आणि तिथून थेट चुलीपुढं. खरं वाचायला शिकले ती या फळीवर. गिऱ्हाईक नसलं की समोरचा पेपर उघडायचा. आधी मथळा, मग फोटोखालची ओळ, मग हळूहळू आतलं. अग्रलेखापर्यंत पोचायला मला सात वर्षं लागली. लोकांना ही थट्टा वाटते, पण खरं आहे ते.

तर सांगत होते बंदीच्या बातमीचं. तिचं एक ठरलेलं रूप असायचं. मे महिना संपता संपता तंबाखूविरोधी दिवस येतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या पेपरांत सारखाच फोटो. कुठल्या तरी कचेरीच्या पायऱ्यांवर माणसं उजवा हात पुढं करून शपथ घेतायत. नंतर बरेच महिने काही नाही. मग कधीतरी मधेच ‘धडक मोहीम’. पथक येतं, एखाद्या हमालाला नाहीतर रिक्षावाल्याला धरतं, पावती फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी तो बिचारा खाली मान घालून सगळ्या पेपरांत उभा.

माझ्या शेजारी पानटपरी आहे. टपरीवाले भाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, तरी मला आपा म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. त्यांना मराठी फाडफाड बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की जिवावर येतं. मला उर्दूचं अक्षर लागत नाही. म्हणून आमचं ठरलेलं आहे. सकाळी पेपरांत पुरवण्या घालून झाल्या, पहिली गर्दी ओसरली, की मी त्यांना मराठी पेपर वाचून दाखवते आणि ते मला उर्दू. एकच बातमी दोन्हीकडून ऐकली की तिचा अंदाज येतो. भाजी घेताना आपण दोन्ही बाजूंनी फिरवून बघतो ना, तसं.

एकदा असंच पथक येऊन गेलं. मी दुसऱ्या दिवशी वाचलं, “धूम्रपान करणाऱ्यांचे धाबे दणाणले.”

भाई पानाला चुना लावता लावता थांबले. “किसके दणाणले आपा?”

“ओढणाऱ्यांचे.”

“वो काल पकडा वो रिक्षावाला? वो तो ये क्या, इधरच बैठा है. चाय पीरा, बिडी पीरा.”

बघितलं तर खरंच बसला होता. मी पेपर त्याच्यासमोर धरला. त्यानं स्वतःचा फोटो निरखून पाहिला, म्हणाला, “मावशी, शर्ट चांगला आलाय,” आणि एक अंक विकत घेतला.

मग ती आली.

ती म्हणजे एका पेपरची बातमीदार. तिशीची असेल, स्कूटीवर यायची, पाठीला सॅक, केस रबरानं करकचून बांधलेले. मला तिचं पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे की, पोरगी उशिरा आली. छाप्याच्या दिवशी सगळे येतात. पेपरवाले येतात, मोबाईलवर चॅनल चालवणारे येतात, माइक तर ज्याच्या हातात बिडी असेल त्याच्या तोंडात घालायचे बाकी ठेवतात. आणि ही आली तिसऱ्या दिवशी.

“पथक परवा आलं होतं ना, मावशी?”

“व्हय. तुला कुणी उशिरा सांगितलं का? सगळे फोटो काढून गेले.”

“मला पथक नको होतं. ते गेल्यावर काय होतं ते बघायचंय.”

मी तिला बसायला पेपरचा गठ्ठा दिला. दोन तास बसली. कुणाला काही विचारलं नाही, फोटो काढला नाही, नुसती बघत होती. मी आपली मनात म्हणते, असल्या बसण्याचा हिला पगार कोण देतं.

दोन दिवसांनी तिची बातमी आली, आतल्या पानावर, फोटोशिवाय. मी भाईंना वाचून दाखवायला लागले आणि वाचता वाचता माझाच आवाज हळू होत गेला. तिनं सगळं टिपलं होतं. पावती फाडलेला माणूस तिसऱ्या दिवशी त्याच जागी उभा आहे. बससाठी थांबलेल्या बाया पदर नाकाला लावून धूर चुकवायला उन्हात सरकतायत. एका टपरीच्या खांबाला काथ्याची दोरी टांगलेली आहे, तिचं टोक दिवसभर धुमसत असतं, येणारा-जाणारा वाकून तिच्यावर बिडी पेटवतो, आणि ती दोरी पथकाच्या कुणाला दिसली नाही. खरं म्हणजे तीही नियमात बसत नाही. एवढ्यावर ती थांबली नव्हती. ज्या कचेरीतून अशी पथकं निघतात तसल्या एका कचेरीच्या जिन्यात ती जाऊन आली होती. तिथं ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी आहे आणि पाटीखालच्या कुंडीत माती कमी आणि थोटकं जास्त आहेत. कुणाचं नाव नाही, कुणाला शिवी नाही, धाबे तर कुठंच दणाणलेले नाहीत. साधी साधी वाक्यं, पण वाचणारा त्या जिन्यात जाऊन उभा राहायचा.

दोरी भाईंचीच होती. मला वाटलं, आता हे चिडणार. भाईंनी चुन्याची काडी खाली ठेवली.

“दोरी का फिर से पढो,” म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

“तीस साल से लटकी है आपा. कितने साहब लोग आये, पान खाये, गये. किसीको नहीं दिखी. ये लडकी दो घंटे में देख ली.” आणि उठून त्यांनी दोरी सोडली, पाण्याच्या डब्यात बुडवली. कुणी सांगितलं नव्हतं, पावती फाडली नव्हती. आपल्याकडं कुणी एवढ्या नीट बघितलं याचंच त्यांना अप्रूप वाटलं असावं. मला तर वाटलंच.

त्या दिवसापासून मी तिच्या बातम्या शोधून वाचायला लागले. ती सगळ्याच गोष्टींना तिसऱ्या दिवशी जायची. पूल उघडला की तिसऱ्या दिवशी, शाळेत पाण्याची टाकी बसवली की तिसऱ्या दिवशी. आणि माझ्यातही जरा वारं शिरलं. मी तिचं दोरीचं कात्रण कणकेच्या खळीनं फळीला चिकटवलं. कुणी माझ्या स्टॉलपाशी बिडी काढली की मी बोट त्याच्यावर ठेवायची. “वाच. वाचता येत नसंल तर मी वाचते.” काहीजण चिडायचे. एक साहेब म्हणाले, “आजी, तुम्ही पेपर विका ना.” मी म्हटलं, “तेच करते. हा कागद आहे, ठिणगी पडली तर तुमच्यासकट आजचं सगळं जग पेटंल.” भाईंनी पण साथ दिली. सिगारेट विकायचे, पण हातात देताना म्हणायचे, “इधर नक्को भाई, आपा बैठी है.” वरीसभरात आमच्या त्या दहा-बारा पावलांच्या जागेतून धूर गेला. बससाठी उभ्या राहणाऱ्या बाया स्टॉलच्या सावलीला येऊन उभ्या राहायला लागल्या.

हे तिनं बघितलं होतं. एका शनिवारी ती फोटोग्राफरला घेऊन आली. म्हणाली, “मावशी, पथकाशिवाय बंदी कशी होते, ते मला तुमच्यावर लिहायचंय. सोमवारी लावू.”

आता मी खोटं कशाला सांगू, मी हरखले. ज्या पेपरावर मी वाचायला शिकले त्यात माझा फोटो येणार. फोटोग्राफरनं मला पेपर हातात धरायला लावला, भाईंना बाजूला उभं केलं. ती मला बारीकसारीक विचारत होती, कधी सुरू केलं, कोण काय बोललं. शेवटी म्हणाली, “घरी कुणी ओढतं का?”

“नाय. आमच्या घरात बिडी कधी आली नाय,” मी म्हटलं. नवरासुद्धा ओढत नव्हता, मुलगा ओढत नाही. मी अगदी ताठ मानेनं सांगितलं.

“म्हणजे घरात धूर नाही.”

“कण नाय.”

तिनं लिहून घेतलं. भाई तिथंच उभे होते. माझ्याकडं बघितलं त्यांनी, आणि मग पानं पुसायला लागले. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी संध्याकाळपर्यंत माहेरी चार फोन केले. सोमवारचा पेपर घ्या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी मी मशेरी भाजते. तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची आणि आठवडाभर सकाळ-दुपार दाताला लावायची. लग्न होऊन आले तेव्हापासून लावते. सासू लावायची, जावा लावायच्या. आमच्यात कुणाला मशेरी म्हणजे तंबाखू असं कधी वाटलंच नाही. बिडी ही बिडी आणि मशेरी ही दात घासायची वस्तू. तंबाखू मी भाईंच्याच टपरीवरून घेते, ते कागदात बांधून देतात, तरीपण माझ्या डोक्यात ते दोन कप्पे कधी एक झाले नाहीत.

आमच्या दोन खोल्या आहेत, वरच्या मजल्यावर, पुढं गॅलरी. सून शिवणकाम करते. मशीन आतल्या खोलीत, गॅसच्या पलीकडं खिडकीखाली. मी तवा चढवला, पानं टाकली, धूर निघाला. मशीन थांबलं. सून पदर तोंडाला लावून गॅलरीत गेली आणि खोकायला लागली. दर रविवारी जाते. तिला खोकला आहे, डॉक्टर म्हणाले धुळीचा असेल, आम्हीही धुळीचाच म्हणत होतो.

जरा वेळानं ती दारात आली. आवाज चढवला नाही, तिचा तो स्वभावच नाही. म्हणाली, “आई, उद्या पेपरात तुमचं यायचंय ना, धुराचं?”

“व्हय. का?”

“नाय, म्हटलं, आज एक दिवस तवा राहू द्यायचा. छापून येईपर्यंत तरी.”

आणि परत गॅलरीत गेली.

मी तव्याकडं बघितलं. खोली निळी झाली होती. तिच्या मशीनवरच्या अर्ध्या शिवलेल्या ब्लाउजवर धूर उतरत होता. मी कण नाही म्हणाले होते. ते उद्या छापून येणार, आणि मीच ते पहाटे पुरवण्या घालून लोकांच्या हातात देणार. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांना मी नावं ठेवली, शपथेच्या फोटोला हसले, आणि उद्याची खोटी बातमी मी स्वतः होते. त्याहून वाईट म्हणजे ज्या पोरीच्या बातमीतला शब्दही कधी खोटा निघाला नव्हता, तिच्या नावाखाली ती जाणार होती.

गॅस बंद केला. फोन हातात घेतला आणि ठेवला. पुन्हा घेतला. खरं सांगते, माहेरी केलेले चार फोन आठवले आणि वाटलं, जाऊ दे, कुणाला कळतंय. भाई बोलायचे नाहीत. सून बोलायची नाही. तेवढ्यात गॅलरीतून पुन्हा खोकल्याची उबळ आली आणि मी नंबर लावला.

“पोरी, उद्याची ती बातमी थांबव.”

“का मावशी? पानावर लागलीये.”

मी सगळं सांगितलं. मशेरी, तवा, सुनेचा खोकला. पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, चिडली. मग म्हणाली, “तवा अजून गरम आहे का?”

“हाय की.”

“उचलू नका. मी येते.”

वीस मिनिटांत आली. दारातच तिचे डोळे पाणावले, धुरानं हो. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी जमिनीवर बसली, तवा बघितला, डबी उघडून वास घेतला. मला वाटलं आता मला बोलेल. ती सुनेकडं वळली.

“रविवारी मशीन किती वेळ बंद असतं?”

आमच्या घरात हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी नाही, मुलानं नाही, डॉक्टरांनी पण नाही. सून जरा बावरली. मग म्हणाली, “दोन-अडीच तास. वास जाईस्तोवर. सोमवारी पण छाती भरलेली असते, मग काम हळू होतं.” आणि एकदा सुरू झाल्यावर ती बोलत राहिली. मी ऐकत बसले. नऊ वर्षांत ती माझ्यापुढं एवढं बोलली नव्हती.

बातमीदार पोरगी जायला निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, “पेपरातले साहेब ओरडतील का गं तुला?”

“फोनवर ओरडले थोडं. जागा भरायला शपथेचा फोटो टाकतायत.” आणि हसली.

सोमवारी सकाळी मी ताज्या अंकाचं पान उघडलं तर खरंच, उजवा हात पुढं केलेली माणसं. भाईंना सगळं सांगितलं.

“मालूम था मेरे को,” भाई म्हणाले. “तंबाखू तो मैंच देता.”

“मग त्या दिवशी बोलला का नाही?”

“मेरे को पूछी नहीं उन्होंने. और आप इत्ती खूश थी आपा, मैं क्या बोलूं.” मग पानाची घडी घालत म्हणाले, “मेरी दोरी निकली, तो मैं सोचा, आपका तवा कब निकलता देखते.”

बुधवारी तिची बातमी आली. फोटो तव्याचा. मी तिला म्हटलं होतं, घाल माझं नाव, चूक माझी आहे. ती म्हणाली होती, “नाव घातलं तर लोक तुमच्याकडं बघतील, तव्याकडं बघणार नाहीत.” तर नाव नव्हतं. ‘पेपर विकणाऱ्या एक आजी’ होत्या, ‘त्यांच्या सूनबाई’ होत्या. तिनं लिहिलं होतं की बंदीची बातमी आपण सगळे रस्त्यावर शोधतो, कारण पथक रस्त्यावर येतं. घरातल्या चुलीवर रविवारी जो धूर होतो त्याच्या पावतीचं पुस्तक कुणाकडं नाही. त्या आजी बाहेर धूर थांबवू शकल्या हे खरंच आहे, आणि त्यांनी स्वतः फोन करून बातमी थांबवली हेही खरं आहे, असं दोन्ही तिनं शेजारी शेजारी ठेवलं होतं. मला मोठं केलं नव्हतं आणि उघडंही पाडलं नव्हतं. शिलाई मशीन किती तास बंद असतं, ते मात्र अगदी पहिल्याच ओळीत होतं.

भाईंना वाचून दाखवताना दोनदा थांबावं लागलं. ते म्हणाले, “पढो, पढो. अच्छा लिखी है.”

दुपारी ते ‘तुम्ही पेपर विका ना’ म्हणणारे साहेब आले. पेपर घेतला, तिथंच उभं राहून वाचला. मग फळीवरचं दोरीचं कात्रण बघितलं, मग माझ्याकडं. “आजी, ह्या तुम्ही का?”

“व्हय,” मी म्हटलं. “मीच ती.”

त्यांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, “आमच्या आईची पण मशेरी आहे. गावाकडं.” आणि आणखी एक अंक मागून घेतला.

त्या बुधवारपासून मी मशेरी सोडली, पण सोडणं काही सोपं नव्हतं, हे पण सांगते. गुरुवारी तोंड बेचव, शुक्रवारी डोकं धरलं. चिडचिड तर अशी की गिऱ्हाइकाला उद्याचा पेपर आजच कसा देऊ म्हणून खेकसले, तो बिचारा आजचाच मागत होता. शनिवारी डबीच्या तळाला उरलेली चिमूट काढून लावली. भाईंकडं गेले तंबाखू मागायला, तर त्यांनी डबा मागं ओढला. “नक्को आपा. वो लडकी आती फिर से. मेरे को पूछेगी, मैं झूठ नहीं बोलता.”

“अहो, तुमचंच गिऱ्हाईक मी. तीस वर्षांचं.”

“इसलिये तो बोलरा.”

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात बसले. तवा भिंतीला टेकवलेला, हात मोकळे, काय करावं कळेना. मशीन चालू होतं. मी वाट बघत होते ते थांबायची, सवयच झालेली कानाला. ते थांबलं नाही. दोरा भरायला मधे जरा क्षणभर, आणि परत सुरू. मी कणीक मळायला घेतली.

सोमवारी ती आली. स्कूटी लावली, गठ्ठ्यावर बसली, वही काढली.

“काय मावशी?”

“शनिवारी एक चिमूट लावली,” मी म्हटलं. “ते आधी लिही.”

तिनं लिहिलं. “आणि रविवारी?”

“रविवारी मशीन चालू होतं.”

“किती वेळ?”

“दुपारच्या जेवणापर्यंत,” मी म्हटलं. “पण माझ्या शब्दावर जाऊ नको. घरी जा, तिला विचार.”

ती वही मिटून लगेच उठली.